पडल्याची वेळ

१० एप्रिल

दिव्यानीबाई, दवाखान्यातून निघताना तुम्ही ही वही हातात दिली आणि म्हणालात, "बाबाजी, आजीचं रोज काय हललं ते लिहीत जा, व्यायाम ठरवायला मले कामी येते." त्याला आज सहा दिवस झाले आणि मी पहिली ओळ आत्ता लिहितो आहे. उशिराबद्दल माफी असावी. मी सातवीपर्यंत शिकलो, त्यालाही पन्नासच्या वर वर्षं झाली. शिवाय घरात पेन सापडत नव्हता.

पेन होता. लिहायला बसवत नव्हतं.

रुग्णाचं नाव गोकुळा. वय साठच्या वर, नक्की कोणालाच माहीत नाही. २७ मार्चला उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचा गेली. पहाटे चारला अंगणात पडली.

आज उजवा पाय गुडघ्यात दुमडला, दोन वेळा. हात नाही. बोटं अजिबात नाहीत. बोलण्यात एकच शब्द, "नाई". चहा पाहिजे का विचारलं तरी नाई, नको का विचारलं तरी नाई. सून रीता घुग्घुसवरून आली आहे, तीच सगळं करते. मी वही लिहितो.

११ एप्रिल

पाय कालच्यासारखा. हात नाही.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं विसरायच्या आधी लिहून ठेवतो. चंद्रपूरला पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. गोकुळाला मशीनमध्ये सरकवलं आणि थोड्या वेळानं बाई पडद्यावर मेंदूचे फोटो दाखवू लागल्या. आडव्या कापलेल्या पत्ताकोबीसारखे दिसतात. त्या म्हणाल्या, "रक्तस्राव नाही, ही चांगली गोष्ट. पण ही बारीक पांढरी रेघ दिसते? मेंदूच्या डाव्या बाजूच्या नसेत गाठ अडकली आहे. कधी पडल्या?"

मी सांगितलं, पहाटे चारला.

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. खूप वेळ बघत राहिल्या. "नऊ तासांत हा सगळा भाग काळवंडायला पाहिजे होता. हा तर अजून बराच साफ आहे. बाबाजी, नक्की चार?"

"नक्की."

"घड्याळ पाहिलं होतं?"

"मी रोज चारलाच उठतो बाई." हे खोटं नाही. मी खरंच चारला उठतो.

मग त्यांनी समजावलं. गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण साडेचार तासांच्या आत. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. "एमआरआय चालू असतं तर मी तुम्हाला विचारलंही नसतं, त्या फोटोवरून वेळेचा अंदाज लागतो. पण ते चालवणारा माणूस उद्या येणार. आता तुमच्याच शब्दावर आहे सगळं."

त्यांनी गोकुळालाही विचारलं, आजी, कधी झालं हे? तिनं तोंड हलवलं. मी तिचा चांगला हात घट्ट दाबला, ती घाबरू नये म्हणून.

इंजेक्शन दिलं नाही. मशीनवर माणूस ठेवत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसाला घड्याळ विचारतात. मोठा दवाखाना म्हणे.

१३ एप्रिल

आज पायानं रीताच्या हाताला ढकललं. दिव्यानीबाई, हे तुम्हाला आवडेल.

दुपारी दसरू आला. आमच्या गावाला लागून गोंडांची वस्ती आहे, टोला म्हणतात, तिथला तो. अंगणातच उभा राहिला. हातात गोकुळाची टोपली होती. खाली ठेवली.

रीता म्हणाली, "दसरूभाऊ, आईची टोपली तुमच्यापाशी कशी आली?"

दसरूनं माझ्याकडे पाहिलं. मी खांबाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "रस्त्यानं सापडली बाई."

"रस्त्यानं? मोहफुलं आहेत ना तिच्यात. सडून गेली."

"हो, सडली," दसरू म्हणाला आणि गेला. पाणीही प्यायला नाही.

रीता हुशार आहे. जास्त हुशार सून काही कामाची नाही.

१४ एप्रिल

हे पान दिव्यानीबाईंना दाखवायचं नाही. फाडून टाकीन.

गोकुळा अंगणात पडली नाही. जंगलात पडली, मोह्याखाली.

आमच्याकडे मोह्याची झाडं सरकारी जंगलात असली तरी ती घरोघरी वाटलेली असतात. कागद नसतो, पण कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली वेचत नाही. नाल्यापलीकडचे दोन मोहे गोकुळाला तिच्या आईकडून आले. ती याच गावची. लग्नाआधीपासून तिथं वेचते. एखादं वर्ष झाड तसंच सोडलं की पुढच्या वर्षी दुसराच कोणी खालचा पाला झाडून बसतो, मग भांडता येत नाही.

यंदा त्या बाजूला वाघीण पिल्लं घेऊन बसली. जंगलाचा गार्ड गुलाब यानं गावात सभा घेतली. मी वन समितीत आहे, अध्यक्षाच्या खालोखाल माझंच नाव. नाल्यापलीकडे कोणी जायचं नाही, गेला तर त्याची जबाबदारी त्याच्यावर, सरकारी मदत मिळणार नाही, असा कागद झाला. पहिली सही माझी. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे मीच धरून उठवले. दोन दिवसांनी दसरूची बायको नाल्यापलीकडून फुलं आणताना दिसली. मी गुलाबला सांगितलं. टोपली जप्त झाली. समितीतल्या माणसानं डोळेझाक केली असती तर कागदाला काय अर्थ?

आणि आठ दिवसांनी मी स्वतः तिथं.

गोकुळा म्हणाली होती, "माहं झाड कोन राखन? तुमची समिती राखन का? तुम्ही नका येऊ. सही केली ना तुम्ही. मी एकटी जातो." बाई माणूस एकटं जातं म्हणते, मग काय करायचं? म्हणालो, लवकर जाऊ, लवकर येऊ.

ऊन चढेपर्यंत निम्मी टोपली झाली. तेवढ्यात रीताचा फोन आला. गोकुळा चांगली हसून बोलली, सांडगे मी आल्यावर करू म्हणाली. मोबाईल मला परत देताना तो तिच्या हातून पडला. मी ओरडलो, "नीट धरत जा ना!" ती उचलायला वाकली तर हात मोबाईलच्या बाजूला पाल्यातच फिरत राहिला. मी पुन्हा ओरडलो. मग तिनं माझ्याकडे तोंड वर केलं आणि ते तोंड एका बाजूनं उतरलं होतं.

नाल्यात दसरू शेळ्या पाजत होता. मी हाक मारली, तो धावत आला. धोतर आणि दोन बांबू घेऊन त्यानं झोळी केली. म्हणाला, "शालिकभाऊ, सडक इथी जवळ आहे. सडकेवरच नेऊ, तिथी गाडी बोलावू."

मी म्हणालो, घरी ने.

"घरी? अर्धा पाऊण घंटा जाईन जी."

"घरी ने म्हणतो ना. अंगणात ठेव. आणि चूप राय. कोनाले सांगजो नको."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याचा राग आला. पण नेलं त्यानं. अंगणात ठेवलं. मग मी लोकांना हाका मारल्या. एकशे आठची गाडी आली, सावलीच्या सरकारी दवाखान्यातून पुढे चंद्रपूरला पाठवलं. दसरू गाडीत चढत होता, मी त्याला उतरवलं.

अंगण म्हटलं म्हणजे वेळ पहाटेची सांगावी लागली. सात वाजता आम्हाला गावातून बाहेर पडताना दोघा-तिघांनी पाहिलं होतं, ते शेतावर गेलो समजले, म्हणून सातनंतर घरी होतो म्हणता येईना; त्यांनी तिला धडधाकट चालताना पाहिलं होतं हे सुचलंच नाही. चार वाजता कोणी पाहत नाही. तेव्हा डोक्यात एवढंच होतं. इंजेक्शनचं मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. कोणीच नाही.

सांगितल्यावर तरी बदलता आलं असतं, असं कोणी म्हणेल. पण एकदा नक्की म्हटल्यावर माणूस लगेच दुसरं कसं बोलणार?

१९ एप्रिल

पान फाडलं नाही. फाडलं की मागचं दिव्यानीबाईंचं पानही सुटतं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी एमआरआय झालं होतं. निघायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी मला आणि माझ्या मुलाला, हेमराजला, बसवून सांगितलं होतं की मेंदूतून हाताकडे हुकूम उतरायची एक वाट असते, ती बरीचशी गेली आहे. पहिल्या तीन दिवसांत बोटं थोडीही उघडली नाहीत, हेही चांगलं लक्षण नाही. पाय येईल, धरून चालतील. बोलणं थोडं येईल. हात कामाचा होईल असं वाटत नाही. "जे यायचं ते बहुतेक तीन महिन्यांत येईल. फोटोवरून सांगते, देव नाही मी."

देव नाही म्हणते आणि देवासारखं सांगते. मी रोज सकाळी गोकुळाची बोटं एकेक करून उघडतो आणि सोडतो. सोडली की पुन्हा मिटतात. तिसऱ्या बोटाला आज थोडं काही वाटलं. रीता म्हणते तुमच्याच हाताचा कंप आहे तो.

व्यायाम चालू असताना गोकुळा माझ्याकडे बघते. छताकडे बघ म्हटलं तरी माझ्याकडेच.

२३ एप्रिल

दुसरा शब्द आला. सकाळी रीता वेणी घालत होती, तेव्हा गोकुळा स्पष्ट म्हणाली, "रीता."

रीता रडायला लागली. हेमराजला फोन लावला, शेजारच्यांना सांगितलं. मला म्हणाली, "मामाजी, आता हळूहळू सगळं बोलतील आई!"

मी म्हणालो, हो. आनंदच झाला. मग गोठ्याकडे गेलो आणि बराच वेळ तिथंच बसलो. गोठा झाडायचा राहिला होता. झाडला नाही.

आजपासून जरा विश्रांती द्यावी, बोलण्याचा फार ताण देऊ नये, असं मी रीताला सांगितलं. ती म्हणाली, "दिव्यानीताई तर जास्त बोलवत जा म्हणते." ठीक आहे. तुमचं तुम्ही बघा.

२६ एप्रिल

तपासणीला चंद्रपूरला गेलो होतो. हेमराज घुग्घुसवरून आला. सिमेंटच्या कारखान्यातली रात्रपाळी करून तसाच मोटरसायकलवर, भुवयांवर धूळ होती.

बाकावर बसून रीता दवाखान्याचे कागद चाळत होती. बीएपर्यंत शिकलेली आहे. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मामाजी, इथी पहाटे चार काऊन लिहिलं आहे?"

मी म्हणालो, डॉक्टर लोक काहीही लिहितात.

"मी तर त्या दिवशी आईशी बोलली. सांडग्याचं." तिनं मोबाईल काढला आणि मागे मागे सरकवत गेली. "हे पाहा. नऊ सत्तावीस. चार मिनिटं बोलली. चांगली बोलत होती."

हेमराजनं मोबाईल घेतला, कागद घेतला, दोन्ही बाजूबाजूला धरले. "बाबा?"

मी सांगितलं की मोबाईलची घड्याळं मागेपुढे असतात.

"बाबा, माह्याकडे पाहा."

सगळं सांगितलं. मोहा, कागद, सही, झोळी, अंगण. बाकावर दुसरे लोक होते, त्यांनीही ऐकलं. गोकुळा चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होती. मी थांबलो तिथं तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली की आणखी काही राहिलं म्हणून, कळलं नाही.

हेमराज मला आत घेऊन गेला. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जुने फोटो पुन्हा पडद्यावर लावले आणि म्हणाल्या, "मला त्या दिवशी खटकलं होतं. फोटो खरंच सांगत होता." मग बोटांवर तास धरले. "तुम्ही माझ्यासमोर उभे होते ना बाबाजी, तेव्हा चार तास झाले होते. अर्धा तास होता आपल्या हातात."

मी विचारलं, "दिलं असतं तर ती चांगली झाली असती का?"

"काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. आजींना झाला असता का, ते आता कोणीच सांगू शकत नाही."

असं कसं? हात येणार नाही हे फोटो पाहून सांगता येतं, आणि हे सांगता येत नाही? मी पुन्हा विचारलं. हेमराज म्हणाला, "चला बाबा, बस झालं."

बाहेर दिव्यानीबाई भेटल्या. वही आणली का विचारलं. मी घरी राहिली म्हणालो. पिशवीतच होती.

२८ एप्रिल

हेमराज गाडी घेऊन आला आणि गोकुळाला घुग्घुसला घेऊन गेला. मी म्हणालो, तिथं कोळशाची धूळ, दिवसभर ट्रक, आजारी माणसाला कुठं नेतोस? इथं मोकळी हवा आहे, मी आहे.

"तुम्ही आहा म्हणूनच नेतो," तो म्हणाला.

रीता म्हणाली, "अहो, असं नका बोलू."

"मग कसं बोलू? यायले सही मोठी होती. सही!" त्यानं हवेत सही केल्यासारखं बोट फिरवलं. "समितीचे मेंबर! त्या वाघिणीनं खाल्लं असतं तरी म्हटलं असतं, अंगणात खाल्लं."

मला हे पटलं नाही.

गोकुळाला गाडीत बसवताना मी उशी लावायला पुढे झालो. ती म्हणाली, "नाई." हेमराजला वाटलं तिला मी जवळ नको. रीताला वाटलं तिला जायचं नाही. मी उशी रीताच्या हातात दिली. गाडी गेली.

आज हात, पाय, बोलणं, काही लिहिण्यासारखं नाही.

४ मे

आज जंगलाच्या नाक्यावर जाऊन गुलाबला सगळं सांगितलं. म्हणालो, केस कर, समितीतून काढ, काय करायचं ते कर.

तो खाटेवर बसून पायात बूट घालत होता. हसला. "काका, तुमच्यावर कोन केस करते? काकूची तब्येत कशी आहे?"

"मग दसरूच्या बायकोची टोपली जप्त केली ती?"

"ते तुम्ही चार लोकांत सांगितलं म्हणून करा लागलं. नाईतर मले दिसते तरी मी दुसरीकडे पाहून जातो. मोह्याच्या दिवसांत कोन घरी बसते? मी बसलो असतो का?"

"आणि तो कागद?"

"वरून मागितला, धाडून देल्ला. कोनी वाचला असन का नाई, मले नाई माहीत." मग आत आवाज दिला, "काकासाठी चहा ठेवा हो!"

चहा प्यायलो. नको म्हणता आलं नाही.

९ मे

दसरूकडे गेलो. त्याची बायको मला पाहून आत गेली. नवी टोपली विणत होती, अर्धी अंगणात तशीच राहिली.

मी म्हणालो, "दसरू, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तू तरी सांगायचं होतं लोकांना. सडकेवर नेऊ म्हणालास ना, मग न्यायचं होतं. मी काय तुझा हात धरला होता?"

दसरूनं खिशात हात घातला. विडी पेटवली, विझली, पुन्हा पेटवली. मग म्हणाला, "शालिकभाऊ, सांगाले गेलो असतो तर माही बायको तिथी गेली होती म्हणून खोटं बोलते, असं तुम्हीच म्हटलं असतं."

मी म्हणालो, असं मी म्हटलं नसतं.

म्हटलं असतं. घरी येताना रस्त्यात कळलं, की म्हटलं असतं.

२ जून

हेमराज फोन उचलत नाही. रीतानं एकदा उचलला. "आई ठीक आहेत मामाजी, नंतर करते" एवढंच म्हणाली. मागे ट्रकचा आवाज होता आणि आणखी कोणी बाई बोलत होती. तो आवाज गोकुळाचा होता की शेजारणीचा, मी ओळखू शकलो नाही. चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचा आवाज ओळखू आला नाही. बदलला असेल.

२७ तारखेला तीन महिने होतील. बाई म्हणाल्या होत्या, जे यायचं ते तोवर येईल.

गावातले लोक भेटले की गोकुळाचं विचारतात. मी सांगतो, सुधारणा आहे. समितीचा राजीनामा दिला. अध्यक्ष म्हणाले, कशाला, राहू द्या, नाव कोणाचं तरी लागतंच.

६ जून

हेमराज, रीता, ही वही उद्या घुग्घुसला जाणाऱ्या माणसाच्या हाती देतो आहे. पहिली काही पानं दिव्यानीबाईंसाठी आहेत, पाय किती वाकला ते त्यांना कामी येईल. बाकीची तुम्ही वाचा. एकही पान फाडलेलं नाही, मोजून बघा.

मला तिथं यायचं नाही. बोलवा असं म्हणत नाही. डॉक्टरीणबाई सांगत नाहीत ते तुम्हीही सांगू नका, इंजेक्शननं काय झालं असतं ते आता कोणालाच विचारणार नाही.

एवढंच कळवा. ती चालते का, कोणाला धरून चालते. बोटं मिटलेलीच आहेत का. तुझ्या नावाच्या पुढे कोणता शब्द आला, रीता? आणि ती बोलायला लागली असेल तर मोह्याखाली काय झालं ते तिला विचारा, हळू विचारा, घाई करू नका. मी आहे म्हणून ती थांबत असेल, आता मी तिथं नाही. ती सांगेल ते या वहीशी ताडून बघा. मी किती वेळा ओरडलो, दसरूला हाक मारायला किती वेळ लावला, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जुळलं नाही तर तिचंच खरं धरा.

शिव्या दिल्या असतील तर त्याही कळवा, आहेत तशा. फोन नको असेल तर दोन ओळी लिहून याच माणसाजवळ द्या. तो परवा परत येतो. लवकर कळवा.